गाडीचे स्टिअरिंग आणि सस्पेन्शन : बिघाड कसा ओळखावा, दुरुस्ती कशी करून घ्यावी



आपल्यापैकी बरेच शिक्षक बंधू-भगिनी आता शाळेला चारचाकीने जातात. तिघे-चौघे मिळून पेट्रोलचा खर्च वाटून घेतो आणि एकाच गाडीतून जातो. गाडी कोणाची तरी जुनी, सेकंड हँड घेतलेली असते. रस्ता कसा असतो ते सांगायला नको. पावसाळ्यात खड्डे, नंतर ऊसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडा आणि गावागणिक गतिरोधक. या सगळ्याचा मार पहिल्यांदा बसतो तो स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या भागांना. आजच्या पाठात हे भाग कोणते, ते खराब झाले हे कसे ओळखायचे आणि गॅरेजमध्ये काय करून घ्यायचे ते पाहूया.

हा विषय मी का निवडला ते आधी सांगते.

आमच्या गाडीतून रोज चार शिक्षक घाट चढून शाळेत जायचो. गतिरोधकावर पुढून "खट" असा आवाज यायला लागला. मी दुर्लक्ष केलं. पुढचा डावा टायर आतल्या बाजूने झिजला म्हणून दोनदा व्हील अलायनमेंट करून घेतलं. दोन्ही वेळा मशीनचा कागद मिळाला, पण चाक हलवून कोणी बघितलं नाही. एक दिवस चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत म्हणाला, "बाई, तुमच्या गाडीचं डावं चाक ढिलं हाय. आवाजावरनं कळतंय." त्याचे वडील गॅरेज चालवतात. मी हसून म्हटलं, "बरं बरं, बघू." आणि तशीच आणखी तीन दिवस गाडी चालवली.

शनिवारी त्याचे वडील मुलाला न्यायला आले. त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि चाक वर-खाली हलवलं. चाक चक्क डुगडुगलं! खालच्या बॉल जॉइंटचं रबर फाटून आतलं ग्रीस वाहून गेलं होतं आणि गोळी खोबणीत सैल झाली होती. ते एवढंच म्हणाले, "बाई, ह्या गाडीनं घाट उतरू नका. गाडी हितंच ठेवा." आम्ही त्या दिवशी एसटीने घरी गेलो. मुलांना आपण रोज सांगतो, "नीट ऐका." त्या आठवड्यात न ऐकणारी मीच होते.

१) आधी भाग ओळखूया

यातले बरेचसे आपण मुलांना विज्ञानात शिकवतोच. शरीराचे सांधे आठवा. खांदा आणि खुबा हा उखळीचा सांधा असतो, तो सगळीकडे फिरतो. कोपर आणि गुडघा हा बिजागरीचा सांधा असतो, तो एकाच दिशेने हलतो. गाडीच्या पुढच्या चाकाला हे दोन्ही प्रकारचे सांधे असतात.

लोअर आर्म : चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा लोखंडी हात. आतल्या टोकाला रबरी बुश असतात. तो झाला बिजागरीचा सांधा. त्यावर हात वर-खाली होतो.

बॉल जॉइंट : लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाला असतो. पॉलिश केलेली गोळी खोबणीत फिरते, म्हणजे तंतोतंत उखळीचा सांधा. त्यामुळे चाक वर-खालीही होतं आणि डावी-उजवीकडेही वळतं. खुब्याला जसं वंगण लागतं तसं इथे ग्रीस असतं आणि वरून रबरी टोपी, म्हणजे बूट असतो.

शॉकअप आणि स्प्रिंग : स्प्रिंग धक्का झेलते आणि शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हे दोन्ही एकत्र उभे बसवलेले असतात. या रचनेला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावावरून हे नाव पडलं.

स्टिअरिंग रॅक : आपण गोल फिरवतो ते चाक, पण पुढची चाकं वळायला हवी आडवी हालचाल. म्हणून खाली एक दातेरी चक्र (पिनियन) दातेरी पट्टीवर (रॅक) फिरतं. गोल गतीची सरळ गती होते.

टाय रॉड आणि टाय रॉड एंड : रॅकची हालचाल चाकापर्यंत नेणारे दांडे. आतल्या टोकाला रॅक एंड आणि बाहेरच्या टोकाला टाय रॉड एंड. दोन्हीकडे पुन्हा उखळीचे छोटे सांधे आहेत.

स्टॅबिलायझर लिंक : गाडी वळणावर एका बाजूला जास्त कलू नये म्हणून एक आडवी दांडी असते, तिला चाकाच्या भागाशी जोडणारी ही बारीक लिंक. खडखड आवाजाचं हे फार नेहमीचं कारण.

जाता जाता एक माहिती. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या वर्तुळात. म्हणून आतलं चाक थोडं जास्त वळावं लागतं. घोडागाडीच्या काळातच जर्मनीतील लँकेनस्पर्जर यांनी यासाठी जोडणी तयार केली आणि १८१८ मध्ये अॅकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. आजच्या गाडीतही त्याच तत्त्वावर टाय रॉड काम करतात. म्हणून दांडा जरासा वाकला तरी दोन चाकांचा मेळ बिघडतो आणि टायर रस्त्यावर घासत जातो.

२) लक्षणांवरून संशय

डॉक्टर जसे आधी लक्षणं विचारतात तसंच इथे आहे.

• बारीक खड्ड्यांवर हळू जाताना खडखड : स्टॅबिलायझर लिंक किंवा तिचे रबर.
• गतिरोधकावर किंवा ब्रेक मारताना "खट", "धप" असा एकच आवाज : लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट.
• गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंगचा "टण्ण" आवाज : शॉकअपच्या वरचं माउंटिंग, त्यातली बेअरिंग.
• स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी गाडी लगेच वळत नाही, मध्ये रिकामा प्ले जाणवतो : टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅक.
• वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही : वरची बेअरिंग किंवा एखादा सांधा आवळला गेलेला.
• गतिरोधकानंतर गाडी झुल्यासारखी हलत राहते : शॉकअप गेला.
• सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते : आधी टायरची हवा बघा. मग अलायनमेंट, वाकलेला आर्म किंवा अडकलेला ब्रेक.

आता तीन फसवी लक्षणं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना "टक टक टक" असा सलग आवाज आला तर तो बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग बघावं. आणि फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर डिस्क तपासावी. हे माहीत नसेल तर चांगले भाग बदलले जातात आणि दोष तसाच राहतो.

३) टायर वाचायला शिका

वही बघून मुलाचा अभ्यास कळतो, तसं टायर बघून सस्पेन्शन कळतं. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल तर हवा कमी ठेवली जाते. मधला भागच झिजला तर हवा जास्त. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजली तर अलायनमेंट बिघडलं आहे, आणि ते का बिघडलं हे शोधायला हवं. टायरवरून आडवा हात फिरवल्यावर एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो चुकला आहे. ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंगवर संशय घ्या.

माझी चूक इथेच झाली. आतली कड झिजली म्हणून मी अलायनमेंट केलं. पण सांधाच ढिला असेल तर मशीनवर आलेला आकडा पहिल्याच खड्ड्यात बदलतो. म्हणून नियम पाठ करा : आधी ढिलाई तपासा, ढिले भाग बदला, मगच अलायनमेंट करा.

४) स्वतः करता येतील अशा तपासण्या

सूचना : सपाट आणि टणक जागा हवी. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं किंवा हात घालू नका. गाडीखाली बघायचं असेल तर मजबूत स्टँड लावलाच पाहिजे, नाहीतर गॅरेजमध्ये जा.

पहिली तपासणी, नुसती नजर : पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे आतले भाग दिसतात. रबरी बूट फाटलेत का, ग्रीस बाहेर उडालंय का, शॉकअपवरून तेल ओघळतंय का, स्प्रिंगचा वेढा तुटलाय का, हे बघा. शॉकअपवर हलकासा तेलकट थर असू शकतो, पण ओघळ असेल तर तो गळतोय. चाकावरच्या पत्र्याच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजा. फरक लक्षात येण्याइतका असेल तर एक स्प्रिंग बसली किंवा तुटली असण्याची शक्यता आहे.

दुसरी तपासणी, दाबून सोडणे : गाडीचा एक कोपरा जोर लावून दोन-तीनदा दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिर झाली तर ठीक. पुन्हा पुन्हा उसळत राहिली तर शॉकअप संपला. पण या परीक्षेत पास झालेला शॉकअपही कधीकधी रस्त्यावर कमी पडतो, हे ध्यानात असू द्या.

तिसरी तपासणी, घड्याळाची : ही सर्वात महत्त्वाची. पुढचं चाक जमिनीपासून थोडं उचला. चाक म्हणजे घड्याळ समजा. दोन हात ३ आणि ९ वर ठेवून हलवा. ढिलाई लागली तर टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅककडे बघा. मग हात १२ आणि ६ वर ठेवून हलवा. इथे ढिलाई लागली तर बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग. या दोघांतला फरक कसा ओळखायचा? दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलाई गेली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर बॉल जॉइंटचा. बेअरिंग खराब असेल तर वेगाबरोबर वाढणारा "हूं" असा घुमणारा आवाजही येतो.

काही मोठ्या गाड्यांत आणि जीपमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते. तिथे जॅक आर्मखाली लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने सांधा घट्ट वाटतो आणि ढिलाई लपते.

चौथी तपासणी, दोघांची : चाकं जमिनीवरच ठेवायची. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने वाकून टाय रॉड एंडकडे बघायचं. दांडा हलतोय पण चाक उशिरा हलतंय किंवा सांधा वर उचलला जातोय, तर तो सांधा गेला. बोटं सांध्याच्या मधे घालू नका.

बुश तपासायला मात्र मिस्त्री लागतात. ते टॉमी लावून आर्म हलवतात आणि रबर चिरलंय का, लोखंडापासून सुटलंय का ते बघतात. त्या वेळी शेजारी उभं राहा आणि "मलाही दाखवा" म्हणा. चांगले मिस्त्री आनंदाने दाखवतात.

५) दुरुस्ती की बदली?

फाटलेला बूट लवकर सापडला आणि सांध्यात अजिबात ढिलाई नसेल तर काही गाड्यांत नुसता बूट बदलून, नवं ग्रीस भरून भागतं. पण आत धूळ-पाणी गेलं असेल तर सांधा बदलावा. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लिंक हे भाग बदलायचेच असतात. काही गाड्यांत बॉल जॉइंट आर्मला कायमचा बसवलेला असतो, तेव्हा पूर्ण आर्म घ्यावा लागतो. माझ्या गाडीचा पूर्ण आर्मच बदलला.

वाकलेला आर्म किंवा टाय रॉड गरम करून, ठोकून सरळ करू नका. वेल्डिंग तर नकोच. तापवल्याने लोखंडाची ताकद बदलते आणि बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. ढिला बॉल जॉइंट ठोकून घट्ट करून देणारेही भेटतात. चार दिवस आवाज बंद होतो, धोका तसाच राहतो. बॉल जॉइंट निखळला तर चाक खालून बाहेर फाकतं, गाडी त्या बाजूला बसते आणि स्टिअरिंग फिरवून काहीही होत नाही. घाटातल्या वळणावर हे झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. आणि एक कडक इशारा : मॅकफर्सन स्ट्रटच्या वरचा मधला नट घरी कधीही खोलू नका. दाबलेली स्प्रिंग गोळीसारखी सुटते. हे काम स्प्रिंग दाबायचं हत्यार असलेल्या माणसाचंच.

६) टाय रॉड एंड बदलताना काय काय होतं?

हे काम मी शेजारी उभी राहून पाहिलं. आपल्याला करायचं नसलं तरी बरोबर चाललंय का हे कळायला हवं.

१. चाक काढून गाडी स्टँडवर ठेवतात. गंजलेल्या आट्यांवर तेल सोडून थांबतात.
२. दांड्यावरचा लॉक नट थोडा सैल करतात आणि जुना एंड कुठपर्यंत बसला होता याची खूण करतात.
३. स्प्लिट पिन काढून नट खोलतात. पिना निमुळती असून भोकात घट्ट बसलेली असते, म्हणून पुलर लावून सोडवतात.
४. जुना एंड काढताना किती वेढे फिरला ते मोजतात. नवा तितकेच वेढे फिरवून बसवतात.
५. नट कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळतात आणि नवी स्प्लिट पिन घालतात. पिनेचं भोक जुळलं नाही तर नट सैल करायचा नाही, किंचित आणखी आवळायचा. सेल्फ लॉकिंग नट असेल तर नवाच वापरायचा.
६. शेवटी लॉक नट आवळतात आणि अलायनमेंटला पाठवतात.

वेढे मोजले म्हणजे अलायनमेंट झालं असं नाही. ते फक्त गाडी मशीनपर्यंत नीट नेण्यापुरतं.

लोअर आर्म किंवा बुश बदलताना एक गोष्ट बरेचदा चुकते. बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळले तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळायचं. मिस्त्रींना हे नम्रपणे आठवण करून द्या.

७) काम झाल्यावर

जुना भाग मागून घ्या आणि हाताने हलवून बघा. पक्कं बिल घ्या, कारण स्वस्तातले नकली भाग बाजारात भरपूर आहेत. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा : स्टिअरिंग सरळ आहे का, ओढतं का, वळणानंतर परत येतं का. थोडे दिवस गाडी चालली की नट-बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्या. पुढे दर सर्व्हिसिंगला आणि पावसाळा संपल्यावर ही "घड्याळाची तपासणी" करायला सांगा.

८) वर्गासाठी उपक्रम

आनंददायी शनिवारी हा विषय छान घेता येतो. चार मुलांना हात धरून मैदानावर वळण घ्यायला लावा. आतल्याने लहान पावलं टाकली आणि बाहेरच्याने मोठी, हे मुलं स्वतःच सांगतात. सायकलचा पुढचा चिमटा तिरका का असतो ते विचारा. गाडीचं स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायलाही असाच तिरकेपणा मदत करतो. आमच्या शाळेत त्या मुलाच्या वडिलांनी जुना बॉल जॉइंट आणून दाखवला. मुलांनी तो हातात फिरवून पाहिला आणि उखळीचा सांधा पुन्हा शिकवावा लागला नाही. आणि तो मुलगा? वाचनात मागे असलेला तो त्या दिवशी फळ्यापाशी उभा राहून सगळ्या वर्गाला आवाजांतले फरक सांगत होता. आता माझ्या गाडीचा आवाज मी त्यालाच विचारते.

स्वाध्याय

१. चाक १२ आणि ६ वर धरून हलवल्यावर ढिलाई लागली, पण ब्रेक दाबल्यावर ती गेली. दोष कोणत्या भागात?
२. ढिला सांधा न बदलता अलायनमेंट केल्यास काय होईल?
३. बॉल जॉइंट आणि आपला खुबा यांत कोणती दोन साम्ये आहेत?
४. तुम्ही ज्या गाडीने रोज प्रवास करता, तिचे पुढचे दोन्ही टायर आज पाहा. झीज कशी आहे ते वहीत लिहा.

चौथा प्रश्न मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. उद्या शाळेला निघण्याआधी सोडवा.